जाहिरातीत ८ न्यूटन-मीटर, हातात आला ९० वॅटचा अडॅप्टर

सिम रेसिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी चालवायचं, सामान सेकंडहँड घ्यायच्या विचारात असाल तर हे आधी वाचा. मला विकलेलं सामान बंद पडलेलं नव्हतं, नकलीही नव्हतं. सगळं चालत होतं. पण ज्या गोष्टींसाठी विकणाऱ्याने जादा पैसे लावले होते, नेमक्या त्याच त्यात नव्हत्या. अशी फसवणूक लगेच लक्षात येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे आधी लॉजिटेकचं जी२९ स्टिअरिंग होतं. गिअरवर चालणारं, ताकद (म्हणजे हाताला जाणवणारा फिरवण्याचा जोर) २ न्यूटन-मीटरच्या आसपास. त्यावर मी भरपूर शिकलो, पण पुढे डायरेक्ट ड्राइव्ह घ्यायचं पक्कं केलं होतं. त्यात स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, मध्ये गिअर नाही की पट्टा नाही, त्यामुळे मागच्या टायरची पकड सुटायला लागली की हाताला लगेच कळतं. अशात एका साइटवर एक अख्खा सेट विकायला निघालेला दिसला: फॅनाटेक सीएसएल डीडी ‘८ न्यूटन-मीटर’ (स्टिअरिंग फिरवणारी डायरेक्ट ड्राइव्ह मोटर, म्हणजे बेस), लोडसेल पेडल (दाब मोजणारं) आणि ४०×८० मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचा रिग, म्हणजे सीट आणि पेडल बसवायची चौकट. विकणारा गोड बोलणारा होता, विषयातला जाणकारही होता. मागितल्याबरोबर गाडी चालवतानाचा व्हिडिओ पाठवला. पण व्हिडिओत स्टिअरिंग फिरताना दिसतं, ते किती जोराने फिरतंय हे दिसत नाही. पेडल दाबलेलं दिसतं, आत कोणता सेन्सर आहे हे दिसत नाही.

सीएसएल डीडीचा बेस एकच, पण ताकद ठरते वीजपुरवठ्यावर. ९० वॅटच्या अडॅप्टरवर तो ५ न्यूटन-मीटर देतो, १८० वॅटचा बूस्ट किट लावला की ८. बेस बाहेरून पाहून यातलं काहीच कळत नाही. मला शंका आली ती लांब, वेगवान वळणांवर. जोर एका पातळीला पोचून सपाट व्हायचा आणि त्यावरचे कर्बचे (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांचे) धक्के हाताला जाणवायचेच नाहीत. याला क्लिपिंग म्हणतात. गेममध्ये गेन (जोराची पातळी) जास्त ठेवला तरी असं होतं, म्हणून आधी सगळी सेटिंग तपासली. मग अडॅप्टर उलटा करून लेबल वाचलं: ९० वॅट. विचारल्यावर उत्तर आलं, “दोन्ही सारखेच असतात हो, सॉफ्टवेअरमधून वाढवून घ्या.” जी शक्ती अडॅप्टर पुरवतच नाही, ती सॉफ्टवेअर कुठून आणणार?

पेडलची लबाडी मात्र जास्त विचारपूर्वक केलेली होती, आणि मला राग आला तो तिचाच. लोडसेल ब्रेक मोजतो तो पायाचा दाब. पोटेंशिओमीटर मोजतो ते पेडल किती सरकलं ते. खऱ्या गाडीतही हायड्रॉलिक ब्रेकला किती दाब दिला यावर गाडी थांबते, आणि पायाला अंतरापेक्षा दाब चांगला लक्षात राहतो. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत नेणं जमतं ते त्यामुळेच. म्हणून लोक लोडसेलसाठी जादा पैसे मोजतात. या माणसाने साध्या पेडलची स्प्रिंग काढून तिथे कडक रबर बसवलं होतं. पाय ठेवला की पेडल घट्ट लागायचं, लोडसेल असल्यासारखंच वाटायचं. पण आतला सेन्सर पोटेंशिओमीटरच.

हे ओळखायची सोपी खूण आहे. पेडल उघडून ब्रेकच्या सेन्सरच्या वायरी मोजा. पोटेंशिओमीटरला तीन वायरी असतात आणि तो पेडलच्या बिजागरीपाशी, आसाबरोबर फिरेल असा बसवलेला असतो. लोडसेल हा धातूचा ठोकळा असतो, त्यातून सहसा चार बारीक वायरी निघून सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या सर्किटकडे जातात. उघडायचं नसेल तर विंडोजमध्ये joy.cpl चालवून गेम कंट्रोलरची खिडकी उघडा आणि ब्रेक हळूहळू दाबा. लोडसेल असेल तर पेडल जवळजवळ हलायचं थांबल्यावरही दाब वाढवत नेला की पडद्यावरची पट्टी वर चढत राहते. माझ्याकडे पेडल थांबलं की पट्टीही थांबायची, मग पाय कितीही रेटा.

रिगचंही तेच. सीटखालचे दांडे ४०×८० होते, फोटो त्यांचेच काढलेले. पेडल बसतात तिथे ४०×४० होते, जोरात ब्रेक दाबला की सगळी चौकट वाकायची. प्रत्येक दांड्यावर मोजपट्टी धरून काढलेला फोटो मागा. प्रामाणिक माणूस तो काढून देतो.

आता पैशांचं. विकणाऱ्याची अट होती की अर्धी रक्कम साइटच्या सुरक्षित पेमेंटमधून आणि उरलेली सामान पाठवल्यावर थेट त्याच्या खात्यात, म्हणजे त्याचं कमिशन वाचेल. तक्रार केली तेव्हा साइटने फक्त स्वतःकडची रक्कम परत मिळवून दिली. थेट दिलेल्या पैशांबाबत त्यांनी हात झटकले. विकणाऱ्याने तर तोंडाला पानंच पुसली, आधी उद्या-परवा आणि मग नंबरच ब्लॉक. अशी अट कोणी घातली तर व्यवहार तिथेच थांबवा, समोरचा कितीही भला वाटला तरी.

तक्रारीत कामाला आलं ते एवढंच: जाहिरातीचे जपून ठेवलेले स्क्रीनशॉट, खोका उघडतानाचं सलग रेकॉर्डिंग, अडॅप्टरच्या लेबलचा आणि उघडलेल्या पेडलचा फोटो. ‘चालवताना मजा येत नाही’ असं लिहिलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. ८ लिहिलेलं आणि ९० वॅट छापलेलं शेजारी ठेवल्यावर मात्र वाद उरला नाही. तक्रारीची मुदत बहुतेक ठिकाणी थोडीच असते, म्हणून सामान आलं की गेम सुरू करण्याआधी लेबलं वाचा आणि पेडल उघडून पाहा.