खालची कवळी अखेर जागेवर बसली: सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या दाताच्या दवाखान्याचा अनुभव

खालची कवळी मी अठरा वर्षं वापरली. पहिली काही वर्षं बरी गेली, मग हाड झिजत गेलं आणि कवळी जिभेबरोबर हलायला लागली. शेंगा चटणीचा कण खाली शिरला की डोळ्यांत पाणी यायचं.

आधी एका ठिकाणी साधा एक्स-रे बघून सांगितलं, कमरेचं हाड काढून जबड्यात लावू. दुसरीकडे जबड्यातली नस बाजूला सरकवून इम्प्लांट, म्हणजे दात धरून ठेवणारा धातूचा स्क्रू, हाडात घालायचं म्हणाले. त्यात खालचा ओठ बधिर राहू शकतो, हे मी खोदून विचारल्यावर कळलं. माझं वय 68. दोन्हीकडून घाबरून परत आले.

इथल्या मॅडमनी आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा सगळ्या बाजूंनी दिसणारा थ्रीडी एक्स-रे) करायला लावला आणि पडद्यावर दाखवला. मागे दाढांच्या जागी नसेच्या वर जेमतेम 5 मिलिमीटर हाड. नसेपासून 2 मिलिमीटर तरी लांब राहायचं, म्हणजे आखूड इम्प्लांटलाही जागा नाही. पण पुढे हनुवटीपाशी 13 मिलिमीटर होतं. "काकू, पुढे हाड शाबूत असताना कमरेला कशाला हात लावायचा?" हे ऐकून निम्मी भीती गेली. पुढे चार इम्प्लांट घालून, त्यातले मागचे दोन तिरके, पक्के दात बसवता येतात, तेही त्यांनी समजावलं. खर्च मात्र दुपटीहून जास्त, आणि पक्क्या दातांखालची सफाई माझ्या संधिवाताच्या बोटांना जमली नसती. मी दोन इम्प्लांटवरची काढ-घाल कवळी घेतली.

साखर जास्त निघाली म्हणून त्यांनी मला एकदा परत पाठवलं. तेव्हा राग आला, आज त्याचंच कौतुक वाटतं. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकल्यावर ऑपरेशन झालं, फक्त तोंड बधिर करून, तासाभरात. दुखलं नाही, पण जबड्यातली थरथर डोक्यापर्यंत जाणवते. हनुवटी आठवडाभर काळीनिळी होती. हाड इम्प्लांटला धरेपर्यंत तीन महिने गेले, तोवर आतून मऊ अस्तर लावलेली जुनी कवळी आणि भात-आमटी.

मेमध्ये नवी कवळी टिचबटणासारखी टक्कन बसली. कडक भाकरी अजून आमटीत बुडवूनच खाते, पण चावून खाते!

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर कुणाला तरी सोबत न्या. इम्प्लांटला धरून ठेवणाऱ्या कवळीतल्या छोट्या रिंगा झिजतात आणि बदलाव्या लागतात. त्याचे पैसे वेगळे लागतात हे मला उशिरा कळलं, तुम्ही आधीच विचारून घ्या.