‘टेस्टिंगसाठी मूळ फाईल पाठवा’: आमचा मॅप आणि साडेबारा हजार रुपये कसे गेले

खानापूर, बेळगाव, निपाणी या भागात काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या संगणकीय खेळांचे स्वतःचे मॅप, म्हणजे सामना जेथे खेळला जातो त्या जागा, बनवणारी मराठी मुले मोजकीच असली, तरी आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाचे माझ्यासारखे नुकसान होऊ नये म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आमच्याकडून पैसे घेतले गेले, त्याचे दुःख आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी आणि माझ्या मावसभावाने महिनोन्महिने राबून तयार केलेला मॅप दुसऱ्याच्या नावावर गेला, आणि तो आम्ही आमच्या हाताने त्याच्या स्वाधीन केला.

मॅपचा विषय खानापूरचाच होता. आमच्या तालुक्यात मातीची कौले बनवण्याचा धंदा जुना आहे, आणि माझे आजोबा अशाच एका कारखान्यात आयुष्यभर कामाला होते. तो कारखाना आता बंद आहे. भट्टी, उंच धुराडे, कौले वाळवण्याच्या लांब पडव्या, जांभ्या दगडाच्या भिंती आणि जवळून जाणारी रेल्वेची रुळवाट हे सगळे पाच विरुद्ध पाच खेळाडूंच्या सामन्यासाठी जणू आखूनच ठेवले होते. भट्टीजवळ ए बॉम्बसाइट (हल्लेखोरांनी बॉम्ब लावायची जागा) आणि पडवीच्या टोकाला माती भिजवण्याच्या हौदापाशी बी बॉम्बसाइट, अशी मांडणी मी पहिल्याच दिवशी वहीत काढली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आल्यानंतर आम्ही नव्या हॅमर एडिटरमध्ये, म्हणजे मॅप बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, कामाला लागलो. आधी सगळा मॅप साध्या करड्या ठोकळ्यांत उभा केला, कारण वाटा आणि अंतरे जमल्याशिवाय भिंतींवर रंगरूप चढवण्यात अर्थ नसतो. या खेळात अंतर युनिटमध्ये मोजतात; खेळाडूची उंची ७२ युनिट असते आणि १८ युनिटपर्यंतची पायरी तो उडी न मारता चढतो. खऱ्या भट्टीच्या पायऱ्या त्याहून उंच असल्याने आम्ही त्यांच्यावर अदृश्य उतार बसवला. टेक्सचरसाठी, म्हणजे भिंती-छपरांवर चढवायच्या चित्रांसाठी, मी जांभ्याच्या भिंतींचे आणि शेवाळलेल्या कौलांचे शेकडो फोटो स्वतः काढले. पावसाळ्यात वीज गेली की रात्रभर चालवलेली प्रकाशाची आकडेमोड वाया जायची आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लावावी लागायची.

असा मॅप घरात बसून पुरा होत नाही, हे ज्यांनी एकही मॅप केला आहे ते सर्व जण मान्य करतील. ज्याने भिंत बांधली त्याला भिंतीची फट दिसत नाही. त्याला सगळे कोपरे पाठ असल्यामुळे नवखा खेळाडू कोठे गोंधळेल, कोणत्या खिडकीतून अन्यायकारक नेम साधता येईल, हे त्याला उमगत नाही. त्यासाठी अनोळखी माणसांना अपुरे काम दाखवावे लागते, दहा जण जमवून सामने खेळवावे लागतात, त्यांचे रेकॉर्डिंग पुन्हा पाहावे लागते आणि कोण कोठे मरतो याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. आमच्या कामाला ही सवय अपरिहार्य आहे, आणि ज्याने आम्हाला फसवले त्याने नेमकी हीच सवय हेरली होती.

२०२४ च्या जून महिन्यात डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर एका माणसाने माझ्याशी संपर्क साधला. तो कोल्हापूरचा असल्याचे सांगत होता, अस्खलित मराठी बोलत होता आणि आपण एक ऑनलाइन स्पर्धा भरवत असून तिच्यासाठी नवे मॅप शोधत आहोत, असे त्याचे म्हणणे होते. ‘सीमाभागातली आपली मुले एवढे चांगले काम करतात आणि कोणाला ठाऊक नाही, सर,’ असे तो पहिल्याच संभाषणात म्हणाला. हे वाक्य मी मुद्दाम येथे लिहीत आहे. आमच्या भागातल्या माणसाला अशा आपुलकीची किती किंमत वाटते, हे त्याला पुरते माहीत होते, आणि मी त्याची दुसरी काहीही चौकशी न करण्यामागे त्या एका वाक्याचा मोठा वाटा आहे.

शिवाय त्याला काम कळत होते. दोन सामने खेळून झाल्यावर त्याने सांगितले की हल्लेखोर संघ भट्टीपाशी दहा सेकंदांत पोहोचतो, तर बचाव करणाऱ्यांना अकरा सेकंद लागतात, त्यामुळे प्रत्येक राउंडला बचाव संघाला भट्टीत आधीच शिरलेल्या शत्रूशी लढावे लागते. हातात चाकू घेऊन पळणारा खेळाडू सेकंदाला २५० युनिट अंतर कापतो. म्हणून हल्लेखोरांची सुरुवातीची जागा ५०० युनिट मागे, रुळांच्या पलीकडे न्या, म्हणजे त्यांना दोन सेकंद जास्त लागतील, असा त्याचा सल्ला होता. आम्ही तो बदल केला आणि मॅप खरोखरच सुधारला. तो बदल आजही आमच्या मॅपमध्ये आहे, कारण तो बरोबर होता. फसवणारा माणूस अडाणी असेल आणि त्याच्या बोलण्यावरून आपण त्याला ओळखू, अशी माझी समजूत होती; ती खोटी ठरली.

तीन आठवड्यांनी त्याने मॅपसाठी ६०,००० रुपये देऊ केले आणि विश्वास बसावा म्हणून २,००० रुपये लगेच पाठवलेही. त्यानंतर त्याने मूळ फाईल मागितली. येथे नवख्या वाचकांसाठी थोडे स्पष्ट करतो. खेळण्यासाठी जी तयार फाईल वाटली जाते ती व्हीपीके स्वरूपाची असते. ज्यात आपण काम करतो ती मूळ फाईल व्हीमॅप स्वरूपाची असते. तयार फाईल उलगडण्याची साधने आहेत, पण त्यातून आपण लावलेले गट, नावे आणि रचना जशीच्या तशी मिळत नाही. मूळ फाईल ज्याच्याकडे असेल त्याला मात्र मॅपमध्ये हवा तो बदल करून तो स्वतःच्या नावाने काढता येतो. चाचणीसाठी तयार फाईल पुरेशी असते. ‘आमच्या सर्व्हरवर फ्रेम कमी पडत आहेत, आमचा माणूस आतून तपासून देईल, टेस्टिंगसाठी मूळ फाईल पाठवा,’ हे (म्हणजे खेळ अडखळत चालतो, हे) कारण ऐकून माझा मावसभाऊ, जो बेळगावला अभियांत्रिकी शिकतो, म्हणाला होता, ‘दादा, फ्रेम कमी पडत असतील तर कोठे पडतात तेवढे त्यांनी सांगावे, दुरुस्ती आपण करू.’ मी त्याचे ऐकले नाही. टेक्सचरसह सगळे फोल्डर त्याच रात्री पाठवून दिले.

पैशांची मागणी त्यानंतर आली. उरलेली रक्कम मंजूर झाली आहे, परंतु दहा टक्के टीडीएस आधी भरल्याशिवाय ती सुटत नाही, असे सांगून त्याने ६,००० रुपये घेतले. टीडीएस हा पैसे देणाऱ्याने रकमेतून कापून सरकारकडे भरायचा असतो. तो पैसे घेणाऱ्याकडून आगाऊ मागितला जात नाही. ही साधी गोष्ट मी कोणत्याही दुकानदाराला विचारली असती तरी कळली असती. पुढच्या आठवड्यात अंतिम चाचणीच्या सर्व्हरचे भाडे म्हणून त्याने ८,५०० रुपये मागितले आणि ते सामन्यानंतर परत मिळतील असे सांगितले. तेही मी यूपीआयने पाठवले. त्यानंतर त्याचे खाते बंद झाले.

नऊ दिवस मी वाट पाहिली. दहाव्या दिवशी निपाणीच्या एका मित्राने स्टीम वर्कशॉपवरचा (खेळाडूंनी बनवलेले मॅप जेथे वाटले जातात तेथला) एक दुवा पाठवला. नाव वेगळे, संध्याकाळऐवजी दुपारचे ऊन, धुराड्याचा रंग बदललेला. पण भट्टी, पडव्या आणि रुळांमागची ती ५०० युनिटची जागा आमचीच होती. मूळ फाईल विकत मिळेल, असे खाली लिहिलेलेही होते.

त्याच दिवशी मी १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. नंतर बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्हे) पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा मावसभावाच्या वर्गमित्राने सगळी हकिगत कन्नडमध्ये नीट लिहून दिली. पैसे पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वी रोखता यावेत म्हणून ही तक्रार पहिल्या काही तासांतच व्हावी लागते. माझे पैसे तोपर्यंत निघून गेले होते. वाट पाहण्यात गेलेले ते नऊ दिवस मला सर्वांत जास्त बोचतात.

मॅपच्या बाबतीत मात्र पुरावा हाती होता. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार निर्मितीबरोबरच हक्क मिळतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण काम आपले आहे हे दाखवता आले पाहिजे. माझ्याकडे फोटोंच्या मूळ प्रती तारखांसह होत्या, पहिल्या दिवसापासूनच्या जुन्या आवृत्त्या होत्या आणि वहीतला आराखडा होता. हौदातल्या पाण्याच्या आवाजाच्या घटकाला मी आजीचे नाव दिले होते, आणि ते नाव त्या माणसाने बदललेच नव्हते. हे सगळे जोडून वर्कशॉपला कॉपीराइटची नोटीस पाठवल्यावर तेथील प्रत काढली गेली. विकल्या गेलेल्या मूळ फायली मात्र आता कोणाकोणाकडे आहेत, ते शोधणे माझ्या हातात नाही.

आता आम्ही चाचणीसाठी फक्त तयार फाईल देतो, वर्कशॉपवर ती यादीत न दिसणारी ठेवतो, आणि मावसभावाने सुचवल्याप्रमाणे प्रत्येक गटाला दिलेल्या प्रतीत पडवीच्या छपरावरची वेगवेगळी कौले काढून ठेवतो, म्हणजे प्रत बाहेर गेली तर ती कोणाकडून गेली हे कळते. पोलिसांकडची तक्रार अजून चालू आहे.

तो मॅप कोणत्याही नावाने आपल्यासमोर आला, तर पडवीतल्या दुसऱ्या खांबाजवळ रचलेल्या कौलांच्या ढिगाकडे पाहावे. सर्वांत वरच्या कौलावर ओल्या मातीत उमटलेले तीन बोटांचे ठसे आहेत. ते कौल आमच्या घरी आहे, ठसे माझ्या आजोबांचे आहेत, आणि तो फोटो मी १४ नोव्हेंबर २०२३ रोजी आमच्या अंगणात काढलेला आहे.