व्हॅक्यूम क्लीनरची 'जळलेली' मोटर आणि माझे चौदा हजार

मशीन मीच बिघडवलं, हे आधीच कबूल करते. ते लपवायच्या नादात पुढचं सगळं घडलं.

मार्चमध्ये नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलला आणि एका बेडरूमला पीओपीचं सीलिंग करून घेतलं, भिंतींना पुट्टी मारली. मला धुळीची अ‍ॅलर्जी. म्हणून बंगळुरूच्या लेकीने गेल्या दिवाळीला कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर पाठवला होता. किंमत ३६,९०० रुपये. एवढ्यात माझ्या लग्नाच्या वेळी अख्ख्या घराचं फर्निचर झालं असतं, हे मी तिला ऐकवून घेतलं. मी कॉलेजात असताना युरेका फोर्ब्जची टाय लावलेली मुलं दारोदार फिरायची, आपल्याच गादीतली धूळ काढून आपल्यालाच दाखवायची. तेव्हा बाबांनी 'आमच्याकडे केरसुणी आहे' म्हणून दार लावलं होतं. त्यामुळे हे मशीन घरात आल्यावर मी ते देवघरातल्या समईसारखं जपत होते. काम संपायच्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "ताई, झाडूनं नुसतीच उडतीय बघा. तुमचं ते मशीन द्या की, पाच मिनिटांत चकाचक करतो." साफसफाई ठेकेदाराच्या कामातच धरलेली होती, मशीन त्याने आणायला हवं होतं. पण घर कधी एकदा स्वच्छ होतंय असं झालं होतं. दिलं. पुट्टी घासल्याची पिठासारखी धूळ सगळीकडे होती आणि कोपऱ्यात फाटलेल्या गोणीतून कोरडं पीओपी सांडलं होतं. पोराने ते सगळं ओढलं. डबा पाच वेळा रिकामा केला. मी आत त्यांच्यासाठी चहा टाकत होते. मशीनचा आवाज हळूहळू चिरका होत गेला, मला वाटलं जोर लावतंय बिचारं. मग ते धक् धक् करत चालू-बंद व्हायला लागलं आणि थांबलं.

यानंतर मी जे केलं ते मिस्त्रीच्याही वरताण. फिल्टर धुता येतो एवढंच माहितीपुस्तकातलं वाक्य लक्षात होतं. नळाखाली धरला, दोन तास उन्हात ठेवला, वरून हेअर ड्रायर मारला आणि बसवला. पुस्तकात पुढच्याच ओळीत लिहिलंय की किमान २४ तास वाळवल्याशिवाय फिल्टर बसवू नये. शिवाय पीओपी म्हणजे काय, तर जिप्समचा दगड साधारण दीडशे अंशांवर भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलेलं असतं. परत पाणी मिळालं की ते अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा दगड होतं. सीलिंग टिकतं ते त्याच गुणावर. घासून निघालेली धूळ आधीच घट्ट झालेल्या मालाची असते, ती काही पुन्हा जमत नाही. पण गोणीतलं कोरडं पीओपी फिल्टरच्या घड्यांमध्ये बसलं होतं आणि मी त्यावर नळ सोडला होता. माझ्या हातात फिल्टर नव्हता, छोटंसं सीलिंगच होतं म्हणा ना.

मशीन चालू होईना. माहितीपुस्तक कपाटात होतं, त्यावर कंपनीचा १८०० ने सुरू होणारा टोल फ्री नंबर होता. मी तो लावला नाही. का, तर ते विचारणार, "काय ओढलंत?" आणि मला सांगावं लागणार. त्याऐवजी फोनवर कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस सेंटर नाशिक' असं शोधलं. नकाशावर पहिलंच नाव, पाचाच्या जवळ जाणारे तारे, खाली दहा आकडी मोबाइल नंबर. लावला. तासाभरात माणूस दारात.

टी-शर्ट कंपनीच्या रंगाचा, गळ्यात ओळखपत्र, उलटं लटकलेलं. त्याने डब्यात बोट फिरवलं, अंगठ्याने चोळून बघितलं. "मॅडम, सिमेंटचं काम केलंय यानं?"

मी शाळेतल्या पोरीसारखी मान हलवली.

"मग वॉरंटी गेली तुमची. याला मिसयूज म्हणतात. कंपनीत एन्ट्री पडली ना, की हा सिरीयल नंबर लाल होतो. मग कुणी हात लावत नाही." जरा थांबून खालच्या आवाजात, "पण मी एन्ट्रीच करत नाही. बाहेरच्या बाहेर करून देतो."

मला त्या माणसाचा राग यायच्या ऐवजी उपकार वाटले. नारळाच्या वड्या दिल्या त्याला खायला. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

तो मशीन घेऊन गेला. पावती, जॉबशीट काही नाही, "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो." संध्याकाळी फोटो आला: काळीठिक्कर पडलेली मोटर, करपलेली तार आणि तिच्याभोवती आखूड तपकिरी केसांचा गुंता. मोटरचे ९,८०० आणि 'शॉर्ट झालेल्या' बॅटरीचे ४,२००. व्हिजिटचे ४५० आधीच दिले होते. एकूण १४,४५०. केस बघून क्षणभर चमकले. माझे पांढरे आणि लांब, ह्यांच्या डोक्यावर ते प्रकरण संपलेलं. मग स्वतःलाच समजावलं की जळल्यावर रंग बदलत असेल. निम्मे पैसे लगेच यूपीआयने पाठवले. स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा माणसाचं आलं. तेही दिसलं मला. पण आपणच चोरून काम करून घेतोय म्हटल्यावर कोणत्या तोंडाने विचारणार? ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

सहा दिवसांनी मशीन आलं, उरलेले पैसे गेले. आधी साध्या वेगावर चाळीस मिनिटं सहज चालायचं, आता अकराव्या मिनिटाला मान टाकायचं. मूठ धरवत नाही इतकी तापायची. फोन केला तर "नवी मोटर सेट व्हायला महिना लागतो मॅडम." महिना झाला. मग फोन लागायचाच बंद झाला.

मे महिन्यात लेक आली. तिने मशीन उलटं केलं आणि विचारलं, "आई, बॅटरीवरचा सिरीयल नंबर कुठे गेला?" मग सगळं सांगावं लागलं. ती रागावली नाही, नुसतं कपाटातून माहितीपुस्तक काढून टोल फ्री नंबर लावला. लगेच तक्रार क्रमांकाचा मेसेज, तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ. हा कसा, तर आधी तक्रार क्रमांक सांगणारा, मशीनचा नंबर स्वतःच्या फोनमधल्या नोंदीशी ताडून बघणारा. त्याने चटईवर सगळं मांडून ठेवलं आणि मला जवळ बसवलं.

"काकू, ही मोटर बघा. कंपनीचं सील जागच्या जागी आहे. उघडलेलीच नाही. ही तुमचीच पहिली मोटर."

म्हणजे ९,८०० कशाचे, तर कशाचेच नाहीत. बॅटरी मात्र खरोखर बदलली होती: माझी चांगली काढून घेतली आणि नाव-गाव नसलेली घातली. फिल्टरही कुठला तरी स्वस्तातला, कडेला फट ठेवून बसलेला. त्या फटीतून महिनाभर बारीक धूळ सरळ मोटरीत जात होती.

"मग मार्चमध्ये ते बंद का पडलं?"

"ते स्वतःला वाचवत होतं."

मग त्याने जे समजावलं ते मला मशीन घेतलं त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर! हे मशीन हवा गरगर फिरवून जड कचरा डब्यात पाडतं. उरलेली बारीक धूळ फिल्टरवर अडते आणि साफ झालेली हवा मोटरीवरून जाते. तीच हवा मोटरीला गार ठेवते. फिल्टर तुंबला की हवा कमी, हवा कमी की मोटर तापणार. हवेचा भार नसल्याने ती वेड्यासारखी जास्त वेगाने फिरते, तो मला ऐकू आलेला चिरका आवाज. अशा मशीनच्या मोटरी मिनिटाला लाखभर फेरे घेतात. नुकसान व्हायच्या आत आतलं सर्किट वीज तोडतं, म्हणून ते धक् धक्. नवा फिल्टर घातला असता की काम झालं होतं. त्याची किंमत १,९९० रुपये.

बारीक धुळीसाठी ठेकेदार वापरतात ती ड्रमवाली ओली-सुकी मशिनं वेगळी. त्यांत सहसा मोटरीला गार करणारी हवा वेगळ्या वाटेने येते आणि ती भाड्याने मिळतात. आमच्या ठेकेदाराला हे नंतर म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच दिलंत ना काढून?" यावर बोलायला काही नव्हतं.

तंत्रज्ञ सांगत होता, दिवाळीनंतरचा पंधरवडा त्याला जेवायला वेळ नसतो. सगळ्यांना दारातली रांगोळी मशीनने ओढायची असते. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती फिल्टर तर तुंबवतेच, वर जिथे घासेल तिथे पॉलिशपेपरसारखी घासते. कुणी सांडलेलं ताक ओढतं. कुणी धुपाटण्यातली राख ओढतं, आत निखारा जिवंत असला तर डब्यातला कचराच पेट घेतो. एका घरी आजोबांनी माशांच्या टाकीचं पाणी काढायला लावलं होतं म्हणे. कोरड्या मशीनच्या मोटरीत पाणी गेलं की तिथे मात्र खेळ खलास आणि ते वॉरंटीत बसत नाही, हेही खरं. त्या भामट्याचं 'मिसयूज' काही सगळं खोटं नव्हतं. म्हणूनच ते पटलं.

मी शेवटी विचारलंच, "मी तेव्हाच तुम्हाला खरं सांगितलं असतं तर?"

"फिल्टर बदलून, चहा पिऊन गेलो असतो काकू. फिल्टरचे पैसे लागलेच असते, तो वॉरंटीत नसतो. बाकी मोटर, बॅटरी होती की सतरा महिने."

होती. आता परकी बॅटरी बसली म्हटल्यावर त्याने तशी नोंद केली आणि वॉरंटी खरोखरच गेली. नवी बॅटरी आणि फिल्टर मी पदरचे पैसे घालून घेतले. पीओपीने जे झालं नव्हतं ते त्या नारळाच्या वड्या खाणाऱ्याने करून दाखवलं.

मग तक्रारींची वारी. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पोर्टलवरही नोंदवलं. तिथे पैसे पाठवल्याच्या पहिल्या काही तासांत कळवलं तर ते गोठवता येण्याची आशा असते. मी दोन महिन्यांनी उगवले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, बाई फार नीट बोलल्या, पण त्यांचा पहिलाच प्रश्न, "बिल आहे का? दुकानाचं नाव काय?" २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. सगळं माझ्या बाजूने. फक्त समोर उभं करायला पत्ता असलेला माणूस हवा. माझ्याकडे होता एक बंद नंबर, एक यूपीआय आयडी आणि एक फोटो. पोलिसांत अर्ज दिलाय. पैसे आलेले नाहीत.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर आजच माहितीपुस्तकातला नंबर फोनमध्ये साठवून ठेवा. नकाशावरच्या नोंदीत कुणीही मोबाइल नंबर घुसवू शकतो, ताऱ्यांवर जाऊ नका. माणूस दारात आला की त्याला बसवून ठेवून त्याच्यादेखत कंपनीला फोन लावा आणि हा तुमचाच का, तक्रार क्रमांक काय, ते विचारा; खरा असेल तर त्याला राग येत नाही, आमच्याकडचा दुसरा तर हसला. मशीन घराबाहेर जाणार असेल तर सिरीयल नंबर लिहिलेली जॉबशीट घ्या, मशीनचा आणि बॅटरीचा चारही बाजूंनी फोटो काढा आणि बदललेला जुना भाग परत मागा. मी जळकी मोटर मागितली असती तर त्याने कुठून आणली असती? आणि "कंपनीला कळू देत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला वड्या देऊ नका.

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये डी विंगमधल्या वहिनी भेटल्या. त्यांचं मशीन वेगळ्या कंपनीचं, जमिनीवर आपलं आपण फिरणारं. गुढीपाडव्याची रांगोळी खाऊन बंद पडलं, सर्व्हिसवाला घेऊन गेला, मोटर जळली म्हणाला. "फोटो पाठवलाय त्याने," म्हणत त्यांनी फोन पुढे केला. तीच करपलेली तार, तोच तपकिरी गुंता.

"वहिनी, तुमच्याकडे कुत्रा आहे का हो?"

"छे, ह्यांना भीती वाटते. का?"