टबातले प्रात्यक्षिक आणि खाडीतले वेल्डिंग

रायगड जिल्ह्यातील एका खाडीवरच्या लहान धक्क्याच्या दुरुस्तीचे काम मी गेल्या हिवाळ्यात घेतले होते. पोलादी नळीच्या खांबांना जोडणाऱ्या ब्रेसिंगचे, म्हणजे आडव्या-तिरक्या आधाराच्या नळ्यांचे, चार सांधे पाण्याखाली गंजून सुटले होते आणि ते डायव्हरकडून भर पाण्यातच वेल्ड करून घ्यायचे होते. या कामासाठी घेतलेल्या इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या वेल्डिंगच्या रॉडमध्ये, मी फसलो. जमिनीवरच्या वेल्डिंगचा माझा अनुभव २० वर्षांचा, पाण्याखालचा मात्र जेमतेम दोन कामांचा आहे, आणि विक्रेत्याने नेमके हेच हेरले.

मुंबईतील त्या विक्रेत्याने दुकानामागे पाण्याने भरलेला प्लास्टिकचा टब ठेवला होता. त्यात दोन पट्ट्या बुडवून त्याच्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, पेटवला आणि चांगला बोटभर जोड मारून दाखवला. मी प्रभावित झालो. वास्तविक साधा रॉडसुद्धा पाण्यात पेटतो, कारण आर्कच्या उष्णतेने तयार होणाऱ्या वायूंच्या बुडबुड्यात आर्क जळत राहतो. खरा प्रश्न फ्लक्सचे, म्हणजे रॉडच्या तारेवरच्या रासायनिक लेपाचे, आवरण पाण्यात किती वेळ टिकते हा आहे. ते आवरण आतल्या तारेपेक्षा सावकाश जळते आणि टोकाशी वाटीसारखा कंगोरा राहतो. गढूळ पाण्यात जवळजवळ काहीच दिसत नसताना डायव्हर त्याच कंगोऱ्याच्या आधाराने रॉड पत्र्याला टेकवून ओढत नेतो. टबातला रॉड पाण्यात मिनिटभरही नव्हता, आणि पाणीही गोडे होते.

साध्या रॉडच्या सुमारे आठपट भावाने मी ३.१५ मिलिमीटरची पाकिटे उचलली. सोबत रंगीत शिक्क्याचे टेस्ट सर्टिफिकेटही मिळाले.

अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा, पाण्याची ओढ कमी असते, म्हणून तो दिवस धरून काम सुरू केले. डायव्हर सहा रॉड घेऊन खाली गेला. पहिला कसाबसा चालला, दुसऱ्याचा आर्क सारखा तुटत होता, आणि तिसरा हातात घेताच त्याचे आवरण सोलून निघाले. डायव्हरच्या फोनवरून तो खालूनच एवढेच म्हणाला, "साहेब, हा रॉड नाही, भिजलेला खडू आहे. करंट बंद करा." त्याने काम थांबवले ते योग्यच केले, कारण आवरण गेलेल्या तारेतून करंट बाजूच्या पाण्यात पसरतो आणि तेथे त्याचा हात असतो. घासून पाहिलेला जोड चाळणीसारखा सच्छिद्र निघाला. पुढे चुंबकीय तपासणीत त्याच्या कडेला बारीक तडाही दिसला, आणि तेवढा भाग ग्राइंडरने पाण्याखाली काढण्यातच पुढचे दोन भांग गेले.

घरी आल्यावर एका रॉडवरचे व्हार्निश ब्लेडने खरवडले, तर होल्डरकडच्या टोकाला ई ६०१३ हा जमिनीवरच्या नेहमीच्या रॉडचा छापील आकडा उमटला. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाण्याखालचे अस्सल रॉडही बहुधा याच रुटाइल (टायटॅनियम ऑक्साइडयुक्त आवरणाच्या) जातीचे असतात आणि त्यांच्यावर जलरोधक लेप असतो, त्यामुळे आत ६०१३ सापडणे हा स्वतंत्रपणे गुन्ह्याचा पुरावा नव्हे. फसवणूक त्या लेपात होती. ते बाजारातले साधे फर्निचरचे व्हार्निश होते, एकदाच बुडवून वाळवलेले, आणि दुसऱ्या टोकाजवळ तर ते पोहोचलेलेही नव्हते.

सर्टिफिकेट मी खरेदीच्या वेळी नीट वाचले असते तर एवढे घडलेच नसते. त्यात 'एडब्ल्यूएस डी ३.६ प्रमाणे ए वर्गाचा इलेक्ट्रोड' असे लिहिले होते. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचे (एडब्ल्यूएस) ते मानक पाण्याखालच्या जोडांना वर्ग देते, रॉडना नव्हे. शिवाय ए वर्गाचा जोड जमिनीवरच्या जोडाच्या तोडीचा मानला जातो आणि भर पाण्यातल्या कामात तो सहसा मिळत नाही. पाकिटावर एसी आणि डीसी दोन्ही करंट चालतील असेही छापलेले होते. पाण्यात एसी डायव्हरच्या जिवावर बेतू शकतो, तेथे डीसीच लागतो.

सर्वांत मोठी खूण मात्र विक्रेत्याने न विचारलेल्या प्रश्नात होती. खांबाचे पोलाद कोणते, हे त्याने एकदाही विचारले नाही. पाणी जोडाला झटकन थंड करते आणि आर्कमध्ये हायड्रोजन सोडते. पोलादाचा कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन व इतर मिश्रधातूंवरून काढलेला, कठीण होण्याची प्रवृत्ती दाखवणारा आकडा) ०.४० च्या वर असेल तर अशा जोडाशेजारी तडा जाण्याचा धोका वाढतो आणि रुटाइल रॉडऐवजी निकेलयुक्त रॉडचा विचार करावा लागतो. जुन्या खांबाचा कीस प्रयोगशाळेत पाठवण्याचे मीही टाळले होते, हा दोष माझा.

आता मी पाकिटावरचा बॅच क्रमांक थेट उत्पादकाला कळवून सर्टिफिकेट त्याच बॅचचे आहे का हे लेखी मागवतो. काही रॉड खाडीच्याच पाण्यात तासभर बुडवून मग त्यांचे आवरण नखाने दाबून पाहतो. त्यानंतर तोच डायव्हर, तीच खोली आणि तशाच पोलादाचा तुकडा घेऊन नमुना जोड मारून तो तोडून पाहिल्याशिवाय पैसे चुकते करत नाही.

विक्रेत्याकडे परत गेलो तेव्हा त्याने शांतपणे बिल पुढे केले. त्यावर फक्त 'वेल्डिंग इलेक्ट्रोड, ३.१५ मिमी' एवढेच लिहिलेले होते. पाण्याखालच्या वापराचा उल्लेख बिलावर नव्हता, आणि मीही तो करून घेतला नव्हता.