वाघिणीत रुळांचा माल भरायचाय: कोड ८३, ७० की ५५?

एचओ मापाच्या (१:८७.१ प्रमाणाच्या) मॉडेल रेल्वेतल्या गोंडोलात, म्हणजे उघड्या मालवाघिणीत, माल म्हणून खरे धातूचे रूळ रचायचे, तर पहिला प्रश्न कोडचा. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. कोड ८३ म्हणजे ०.०८३ इंच, २.११ मि.मी. पण रुळाचं डोकं (वरचा भाग) किती रुंद, पाय (तळाची पट्टी) किती जाड, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि मालासाठी नेमकं तेच महत्त्वाचं. ट्रॅकवर टाकलेला रूळ बाजूनं दिसतो, पाय खिळ्यांखाली झाकला जातो. वाघिणीतल्या रुळांची कापलेली टोकं मात्र थेट डोळ्यांसमोर येतात.

माझा पहिला प्रयोग घरात पडून असलेल्या कोड १०० च्या तुकड्यांवर झाला. फुकटचं होतं, म्हणून. टोकाकडून पाहिलं तर रूळ कसले, पुलाचे गर्डर भरल्यासारखे दिसत होते. हिशेब केला तेव्हा कारण कळलं. ८७.१ नं गुणलं की कोड १०० ची उंची २२१ मि.मी. होते. अमेरिकेतला पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा अतिजड १५५ पौंडी (यार्डाला १५५ पौंड वजनाचा) रूळसुद्धा २०३ मि.मी. उंच होता. तेव्हा कोड १०० ट्रॅकवरच राहू द्या.

खरी निवड पुढच्या तिघांत आहे. कोड ८३ मोठा केला तर १८४ मि.मी. भरतो, म्हणजे १३२ पौंडी मेनलाइन रुळाच्या (१८१ मि.मी.) अगदी जवळ. पोलाद कारखान्यातून निघालेला नवा कोरा माल दाखवायचा असेल तर हाच घ्या. कोड ७० होतो १५५ मि.मी., १०० पौंडी रुळाच्या (१५२ मि.मी.) जोडीचा. कोड ५५ म्हणजे १२२ मि.मी., जुना ७५ पौंडी. तो शाखा मार्गावरून उखडलेल्या भंगारासाठी शोभतो. कोड ४० खाणीतल्या किंवा नॅरो गेजच्या रुळांपुरताच, आणि कापताना इतका वाकतो की हात टेकतात.

मला विचाराल तर कोड ७०. मॉडेलच्या रुळांचे पाय बहुधा प्रमाणापेक्षा जाडच असतात, आणि थर रचले की तो जाडेपणा थरागणिक वाढत जातो. एक पायरी खाली उतरलं की ढीग नजरेला बरोबर वाटतो. शिवाय काळाचं बंधन कमी. १०० पौंडी रूळ नवा म्हणूनही खपतो, काढलेला म्हणूनही. एन मापात (१:१६०) हीच जागा कोड ४० घेतो: १६३ मि.मी., ११० पौंडीच्या आसपास. तिथे कोड ५५ थेट २२४ मि.मी. वर जातो, म्हणजे माझ्या गर्डरांचीच गत.

धातूवर फार डोकं शिणवू नका. निकेल सिल्व्हर (ज्यात चांदी औषधालाही नसते) रंग खरवडला तरी करडं दिसतं. पितळ लगेच पिवळं चमकतं. आधीच काळपट केलेला रूळ मिळाला तर रंगाचं निम्मं काम वाचतं, फक्त कापलेली टोकं पुन्हा रंगवा.

लांबी मात्र चुकवू नका. ३९ फुटी रूळ ४० फुटी वाघिणीत बसावा म्हणूनच तेवढा असायचा. एचओत तो १३६.५ मि.मी. येतो. त्याआधीचा ३३ फुटी ११५.५ मि.मी. ९१४ मि.मी. च्या फ्लेक्स ट्रॅकमधून (वाकवता येणाऱ्या तयार मॉडेल ट्रॅकमधून) दोन रूळ ओढून काढले की ३९ फुटी १२ तुकडे पडतात. कटरनं दाबलेलं टोक एका बाजूला चेपतं, म्हणून प्रत्येक टोकावर कानस फिरवावीच लागते. कंटाळवाणं आहे, पण टोकंच दिसणार आहेत.

किती भरायचे? १३२ पौंडी ३९ फुटी रूळ १,७१६ पौंडांचा. ५० टनी (अमेरिकी टन, २,००० पौंडांचा) वाघिणीत ५८ रूळ झाले की वजनाची मर्यादा संपते. एका थरात १९ बसतात, म्हणजे तीनच थर, मध्ये लाकडी पट्ट्या. माल वाघिणीच्या काठापर्यंतही पोहोचत नाही! काठोकाठ भरलेली गोंडोला जाणकाराला लगेच खटकते. १०० पौंडी रूळ असतील तर ७६, म्हणजे चौथ्या थरापर्यंत जाता येतं.

असे ५८ धातूचे तुकडे सुमारे ७५ ग्रॅम भरतात. एनएमआरएच्या (अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या) शिफारशीनुसार ६ इंची वाघिणीचं एकूण वजन ४ औंस, म्हणजे ११३ ग्रॅम असावं. त्यामुळे तळाशी वजनासाठी आधीच लोखंडी पट्टी चिकटवलेली असेल तर ती काढा, नाहीतर खालचे दोन थर लाकडाच्या ठोकळ्यावर भागवून फक्त वरचे १९ रूळ खरे ठेवा. मी आता हा दुसरा मार्गच धरतो. दोन फ्लेक्स ट्रॅकमध्ये काम होतं आणि पाच तुकडे चुकायला शिल्लक राहतात.