वर्गात ऐकवावा असा ‘बेओवुल्फ’

मध्ययुगीन संगीत सादर करणाऱ्या ‘सिक्वेन्शिया’ या समूहाचे एक संस्थापक बेंजामिन बॅग्बी यांनी एकट्याने, जुन्या इंग्रजीत, वीणेसारख्या सहा तारांच्या वाद्याच्या साथीने केलेल्या ‘बेओवुल्फ’ या मध्ययुगीन वीरकाव्याच्या सादरीकरणाची डीव्हीडी २००६ साली निघाली. मूळ काव्य ३१८२ ओळींचे आहे. येथे नायक बेओवुल्फ ग्रेंडेल या राक्षसाचा पराभव करतो तिथपर्यंतचा, सुमारे पाव भाग येतो. मध्ययुगीन कथाकाव्य शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने पाहता या साधनाचे मोल फार मोठे आहे, मात्र ते वापरण्याची रीत शिक्षकालाच ठरवावी लागते.

ग्रेंडेल राजाच्या सभागृहाकडे येतो तो प्रसंग पाहावा. तो आला, हे कवी सुमारे वीस ओळींत तीनदा सांगतो: आधी काळ्या रात्रीतून, मग धुक्याखालच्या दलदलीतून आणि अखेरीस थेट सभागृहाशी. छापील पानावर विद्यार्थ्यांना ही निव्वळ पुनरुक्ती वाटते आणि परीक्षेत ते तसे लिहितातही. बॅग्बी यांच्या तोंडून तेच ऐकताना प्रत्येक वेळी अंतर कमी होत जाते, आणि ही रचना डोळ्यांसाठी नव्हे तर कानांसाठी बेतलेली आहे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ओळीच्या दोन अर्धांना जोडणारा अनुप्रासही असाच, नियम पाठ करण्यापूर्वी कानात बसतो.

उपशीर्षके मात्र पहिल्या वेळी बंद ठेवावीत, कारण ती दिसली की नजर वाचण्यात गुंतते आणि आवाज पार्श्वसंगीत होऊन बसतो. कथानक आधी सांगून टाकावे. रहस्य फुटण्याचे भय येथे नाही, कवी स्वतःच पुढचे आधी सांगत असतो.

एक सावधगिरी आवश्यक आहे. या काव्याची मूळ चाल कोणत्याही हस्तलिखितात उतरलेली नाही. वाद्य उत्खननात सापडलेल्या अवशेषांवरून घडवलेले असले, तरी गायन ही बॅग्बी यांची अभ्यासपूर्ण कल्पना आहे. सादरीकरण इतके प्रभावी आहे की विद्यार्थी त्यालाच अस्सल मानून मोकळे होतात. म्हणून ध्वनिचित्रफितीनंतर राजाचा दरबारी उनफर्थ आणि बेओवुल्फ यांची वादावादी विद्यार्थ्यांकडून भाषांतरातून दोन-तीन वेगवेगळ्या सुरांत करवून घ्यावी: एकदा उनफर्थ मत्सरी, एकदा नुसता नशेत बरळणारा. कोणत्या ओळी कोणत्या सुराला साथ देतात, यावर मग जी चर्चा होते, ती टिपणे उतरवून घेण्यातून होत नाही.