अँफिट्रिटीचे घराणे: आधी हेसिअड वाचावा की अपोलोडोरस?

ग्रीक पुराणकथांतल्या समुद्रदेव पोसायडनची राणी अँफिट्रिटी आणि तिच्या माहेरच्या सागरकन्या यांच्याविषयी मूळ ग्रंथांतून वाचायचे ठरवले, की दोन ग्रंथ समोर येतात. एक म्हणजे ग्रीक कवी हेसिअडचे ‘थिओगनी’, इसवी सनापूर्वी ७००च्या सुमाराचे, देवांची वंशावळ सांगणारे हजारभर ओळींचे काव्य. दुसरा म्हणजे अपोलोडोरसच्या नावावर असलेला ‘बिब्लिओथेका’, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला पुराणकथांचा गद्य संग्रह. मी दोन्ही वाचले आहेत, आणि आता संदर्भासाठी हात आपोआप हेसिअडकडे जातो, तरी अपोलोडोरसची बाजू आधी मांडणे न्यायाचे होईल.

कथा हवी असेल, तर अपोलोडोरसला तोड नाही. सागरकन्या थेटिस हिला होणारा मुलगा बापापेक्षा वरचढ ठरेल या भाकितामुळे देवराज झ्यूस आणि पोसायडन यांनी तिचा नाद सोडला, मर्त्य पेलेउसने लग्नासाठी तिला पकडले तेव्हा ती आग, पाणी आणि श्वापद अशी रूपे पालटत राहिली, आणि त्यांच्या तान्ह्या मुलाला, अकिलीजला, ती रात्री आगीत ठेवत असताना पेलेउस ओरडला म्हणून ती मुलाला टाकून आपल्या बहिणींकडे निघून गेली, हे सारे तिथे सलग वाचायला मिळते. तिची बहीण सामाथी हिला पेलेउसच्याच वडिलांपासून फोकस हा मुलगा झाला. पेलेउसचा भाऊ टेलामॉन याने थाळीफेकीची थाळी डोक्यात मारून त्याला ठार केले, आणि प्रेत लपवायला पेलेउसने हात दिला. म्हणजे थेटिसचा पुढे होणारा नवरा तिच्या भाच्याच्या खुनात सामील होता, आणि नात्याने तो भाचा तिचा सावत्र दीरही लागला असता. घराण्याची अशी गुंतागुंत वाचताना मन खरोखर हेलावते.

मात्र ज्या अँफिट्रिटीसाठी मी हा ग्रंथ उघडला, तिच्याच बाबतीत तो अडवतो. महासागराचा देव ओशनस याच्या मुलींची नावे सांगताना तो अँफिट्रिटीला त्यांत घेतो. थोड्याच अंतरावर थेटिसचे आईवडील, म्हणजे सागरदेव नीरियस आणि ओशनसची मुलगी डोरिस, यांच्या मुलींच्या यादीत ती पुन्हा येते. आणि पोसायडनशी तिचा विवाह सांगताना ती परत ओशनसची मुलगी होते. या विसंगतीचा उल्लेखही कुठे नाही. ही बाब वरवर किरकोळ वाटेल, पण वंशावळ मांडायला बसलेल्या माणसाचे सगळे गणित इथे बिघडते. नीरियसची मुलगी धरली, तर ती थेटिसची सख्खी बहीण. ओशनसची धरली, तर ती डोरिसची बहीण, म्हणून थेटिसची मावशी, आणि ओशनस हा पोसायडनच्या वडिलांचा, क्रोनसचा, भाऊ असल्यामुळे पोसायडनची चुलत बहीण. वंशावळीचा तक्ता करताना याच एका नावाशी मी पुनःपुन्हा अडखळलो, आणि माझा कौल तिथेच ठरला.

हेसिअडकडे ती निःसंदिग्धपणे नीरियसची मुलगी आहे. पन्नास बहिणींची यादी कंटाळवाणी असेल असे वाटते, पण ती तशी नाही. वारे आणि लाटा सहज शांत करणाऱ्या बहिणींबरोबर अँफिट्रिटीचे नाव मध्येच पुन्हा येते, आणि तिचे काम एका ओळीत कळते. सत्यवचनी, मवाळ आणि न्यायी अशा नीरियसचे चित्र तर मला फार प्रिय आहे. डोरिस हे नाव आई आणि मुलगी या दोघींनाही आहे, परंतु आईचे नाव मुलीला मिळाले असे मानून पुढे जाता येते.

हेसिअडमध्ये उणिवा नाहीत असे मात्र म्हणवत नाही. अँफिट्रिटीच्या अपत्यांपैकी तो फक्त ट्रायटनचे नाव घेतो; रोडी आणि बेंथेसिकिमी या मुली अपोलोडोरसमध्येच भेटतात. शिवाय ट्रायटनचा जन्म काव्याच्या ज्या शेवटच्या भागात येतो, तो भाग नंतर जोडला गेला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. ज्याला मुख्यतः थेटिसची गोष्ट हवी आहे, त्याने कदाचित अपोलोडोरसच्या तिसऱ्या भागापासून सुरुवात करणे बरे. घराणे समजून घ्यायचे असेल, तर माझ्या मते ‘थिओगनी’तील २३३ ते २६४ या ओळी आधी वाचाव्यात, मग डोरिसच्या माहेरासाठी ३३७ ते ३७०, आणि नात्यांचा तक्ता कागदावर पक्का झाल्यावरच अपोलोडोरस हाती घ्यावा.